‘अतिरिक्त’ म्हणजे कशापेक्षा अतिरिक्त, हे पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून येतो आणि मी तो रोज शेवटच्या पानापर्यंत वाचते, म्हणून जरा हक्काने लिहितेय. पत्र लांबलंय, पण पूर्ण वाचावं ही विनंती.

गेले काही महिने एक गोष्ट सारखी खुपतेय. धरणातून अतिरिक्त पाणी सोडलं, जिल्ह्यात शिक्षक अतिरिक्त ठरले, दूध अतिरिक्त झालं, कंपनीने अतिरिक्त मनुष्यबळ कमी केलं, सगळीकडे तोच एक शब्द. बदल म्हणून घातलाच तर सरप्लस नाहीतर एक्स्ट्रा, तेही जिथे सुचेल तिथे. आता वाचणाऱ्याने समजायचं काय? गोष्ट वापरून उरलीय म्हणून जास्त आहे, का मर्यादा ओलांडलीय म्हणून, का कोणी मुद्दाम राखून ठेवलीय म्हणून, का मुळात मोजणाऱ्याचा हिशोबच तसा आहे म्हणून? ह्या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीत पुढे करायचं काम वेगळं आहे. इंग्रजीत यांना वेगवेगळे शब्द आहेत, आपल्याकडे पण आहेत, पण पेपरात येताना सगळे एकाच पोत्यात भरले जातात.

मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर्स बघते. स्टोअर्समधे सगळा माल जास्तीचाच असतो, कारण जे आत्ता लागतंय ते लाईनवर गेलेलं असतं, रॅकवर जे काही आहे ते या मिनिटाला तरी गरजेपेक्षा जास्तच. पण आमच्याकडे कोणी नुसतं ‘हे मटेरियल एक्स्ट्रा आहे’ असं म्हणून चालत नाही, लगेच विचारतात, कसलं एक्स्ट्रा? कारण त्याच्यावरच ठरतं की ते जपून ठेवायचं, सप्लायरला परत करायचं, दुसऱ्या प्लांटला पाठवायचं का भंगारात काढायचं, आणि ऑडिटला त्या कागदावर सही माझी असते.

एक साधी ६२०५ नंबरची बेअरिंग घ्या. तळहातावर मावते, आतलं भोक २५ मिलीमीटर, बाहेरून ५२. हीच बेअरिंग आमच्या स्टोअर्समधे वेगवेगळ्या ठिकाणी सापडेल, एकाच कंपनीची, एकसारख्या डबीत, तेलकट कागदात गुंडाळलेली. मेंटेनन्सच्या कपाटात लाल टॅग लावून ठेवलीय ती स्पेअर, म्हणजे उद्या प्रेस बंद पडली तर लागेल म्हणून ठेवलेली, तिला प्रॉडक्शनवाल्यांनी हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. रॅकच्या प्रत्येक खणावर त्या मालाचं कार्ड लटकवलेलं असतं, त्याला बिन कार्ड म्हणतात, त्याच्यावर मिनिमम, मॅक्झिमम आणि रीऑर्डर लेव्हल, म्हणजे कितीवर आलं की नवीन मागवायचं, ते लिहिलेलं असतं, त्यात मिनिममपर्यंतचा माल हा सेफ्टी स्टॉक, गाडी उशिरा आली, घाटात अडकली तर लाईन थांबू नये म्हणून. मॅक्झिममच्या वर गेला की तो एक्सेस, म्हणजे कोणीतरी डिस्काउंट मिळाला म्हणून जास्त उचलला, पैसे अडकवले, जागा अडवली, त्याचा जाब द्यावा लागतो. आणि कस्टमरने मधेच शेड्यूल कमी केलं तर जे उरतं ते सरप्लस, त्यात कोणाचीच चूक नसते, माल उत्तम असतो, फक्त इथली गरज संपलेली असते, ती दुसरीकडे असू शकते. म्हणून सरप्लसची यादी आम्ही सगळ्या प्लांटला मेल करतो, एक्सेसची यादी साहेबाकडे जाते. बेअरिंग तीच, चार ठिकाणी चार नावं, आणि चारही नावं बरोबर.

याहून मोठं उदाहरण सांगते. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमात बसणाऱ्या, गाड्याच विकायच्या असं ठरलं, आधीच्या बीएस-फोर बंद. चाकण, भोसरी, रांजणगाव, जिथे म्हणून गाड्यांचं काम चालतं तिथे त्याच्या आधीचं वर्ष नुसतं मोजामोजीत गेलं, कुठला पार्ट दोन्हीत चालतो, कुठला नाही, कुठला पुढे फक्त जुन्या गाड्यांच्या रिपेअरिंगला लागेल. ज्या पेट्या काल सेफ्टी स्टॉक होत्या, ज्या कमी झाल्या म्हणून आमची झोप उडायची, त्याच पेट्या ऑब्सोलीट, म्हणजे कालबाह्य झाल्या. पेटीतला माल तोच होता, जागेवरून हलला पण नव्हता, मधे फक्त तारीख बदलली. म्हणून मी म्हणते की जास्त असणं हा वस्तूचा गुण नसतो, ते कशाच्या तरी तुलनेत असतं, आणि ती तुलना सांगितली नाही तर बातमी अर्धीच राहते.

आता स्पेअर या शब्दाचं बघा. आपण गाडीच्या जादा चाकाला स्पेअर व्हील म्हणतच नाही, स्टेपनी म्हणतो, टपरीवरचा पंक्चरवाला पण स्टेपनीच म्हणतो. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय, तिथे १९०४ च्या सुमाराला डेव्हिस नावाच्या भावांनी जादा चाक बनवायला सुरुवात केली, त्याआधी गाडीबरोबर जादा चाक मिळायचंच नाही, रस्त्यात पंक्चर झालं की तिथेच बसून ट्यूब काढा. त्या चाकाचं नाव तिकडे आता फारसं कोणी घेत नाही, आपल्याकडे मात्र ते भाषेत पक्कं बसलं. स्टेपनी वर्षभर डिकीत पडून असते, वजन वाढवते, पेट्रोल खाते, आणि तरी तिला कोणी अतिरिक्त चाक म्हणत नाही, कारण सगळ्यांना माहितीय की ती का आहे. २०२० ला केंद्राने नियम बदलून सांगितलं की गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी सिस्टीम आणि रिपेअर किट असेल तर छोट्या पॅसेंजर गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही. म्हणजे इथेही तेच, चाक जास्तीचं कधी झालं, तर त्याचं काम करणारी दुसरी सोय आली तेव्हा. सोय न करता चाक काढलं असतं तर कात्रजच्या घाटात लोकांनी काय केलं असतं?

रिडंडंट हा तर फारच वाईट रीतीने वापरला जाणारा शब्द आहे. लॅटिनमधे उंदा म्हणजे लाट, त्याच्यावरून आलाय, काठावरून वाहून जाण्याइतकं भरलेलं असा मूळचा अर्थ. इंजिनिअर लोक तो चांगल्या अर्थाने वापरतात. एक बंद पडलं तर दुसरं चालू राहावं म्हणून एकाच कामाला दोन वस्तू ठेवायच्या, ही रिडंडन्सी. विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर उतरता आलं पाहिजे, हॉस्पिटलची लाईट गेली तर जनरेटर लागला पाहिजे. चांद्रयानाचं बघा, २०१९ ला चांद्रयान-२ चं लँडर उतरता उतरता आदळलं, आणि मग चांद्रयान-३ च्या वेळी इस्रोने काय केलं, तर उतरायची जागा ५०० बाय ५०० मीटरवरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर एवढी मोठी धरली, इंधन जास्त भरलं, असं सगळीकडे मार्जिन वाढवलं, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरलं. सगळं अगदी कागदावरच्यासारखं झालं असतं तर ते जादा इंधन लागलंच नसतं. पण म्हणून त्याला फाजील म्हणायची कोणाची हिंमत आहे का?

तोच शब्द माणसांना लागतो तेव्हा उलटा होतो. इंग्लंडमधे नोकरीवरून कमी केलं की माणूस रिडंडंट झाला म्हणतात. १९६५ साली त्यांनी त्यासाठी रिडंडन्सी पेमेंट्स नावाचा कायदाच केला, आणि त्या कायद्यात बघितलं तर काम संपलंय किंवा कमी झालंय असं म्हटलंय, म्हणजे जागा संपलीय, माणसाच्या लायकीबद्दल त्यात काही नाही. आपल्याकडेही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीला अटी घातल्या होत्या, महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई. शिवाय त्यात एक कलम असं होतं की मालकाने नंतर पुन्हा भरती काढली तर आधी कमी केलेल्यांना पहिली संधी द्यायची. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या कायद्याने मान्य केलं होतं की माणूस आज जास्तीचा आहे, कायमचा नाही.

आणि हिंजवडीतून बातमी येते तेव्हा तुमच्या पेपरात काय छापून येतं, तर कंपनीने अतिरिक्त मनुष्यबळ कमी केलं. अहो, ते कंपनीचं म्हणणं झालं ना, पेपरचं कसं काय? कंपनीच्या मेलमधलं वाक्य बातमीत जसंच्या तसं येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की खरंच तिथे माणसं रिकामी बसली होती. आयटीवाले बेंच म्हणतात ते काय असतं, तर पुढचं प्रोजेक्ट आलं की लगेच माणसं मिळावीत म्हणून कंपनीने आपल्या सोयीसाठी राखून ठेवलेली पोरं, म्हणजे आमच्या भाषेत सेफ्टी स्टॉक. ठेवताना स्पेअर म्हणून ठेवायचं आणि काढताना एक्सेस म्हणून काढायचं, आणि दोन्ही वेळेला त्या पोराने काहीच वेगळं केलेलं नसतं. आमच्या सोसायटीत असे दोघं-तिघं आहेत, त्यांच्या आईवडिलांना आपला मुलगा ‘अतिरिक्त’ होता असं पेपरात वाचावं लागतं, आणि चार लोकांना सांगताना ते तोच शब्द तोंडात घेतात, खाली बघून. मला ते बघवत नाही.

आता माझ्या घरातलंच सांगते, कारण हे पत्र लिहायला मी बसले ते त्याच्यामुळेच. माझी जाऊ एका अनुदानित मराठी शाळेत प्राथमिकला शिकवते. वर्गातल्या कुठल्या पोराला घरी अभ्यास घ्यायला कोणी नाही, कोणाची आई सकाळी सहाला कामाला जाते, कोण डबा न आणता येतं, हे सगळं तिला तोंडपाठ. मुलांची संख्या ३० सप्टेंबरच्या पटावर धरतात, त्याच्यावर संचमान्यता होते, म्हणजे त्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन. म्हणजे बघा, ६१ मुलं असली तर तिसऱ्या शिक्षकाची गरज आहे आणि एक पोरगं आईवडिलांबरोबर गावाला निघून गेलं की गरज संपली. त्यातून आधारची नोंद जुळली नाही म्हणून काही मुलं मोजणीतूनच सुटतात, वर्गात बसलेली असतात पण कागदावर नसतात. जाऊबाईंचं नाव यादीत आलं. यादी व्हॉट्सॲपवर फिरली, नाव, शाळा, जन्मतारीख, आणि वर मोठ्या अक्षरात अतिरिक्त. दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात आलं आणि त्यात भर म्हणून शासनाच्या तिजोरीवरच्या बोज्याचा उल्लेख.

ती दोन दिवस काही बोलली नाही. मग माझ्या दिरांना म्हणाली, मी कोणाला जास्त झाले?

संपादक साहेब, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बातमीत नव्हतं. त्याच जिल्ह्यात, त्याच सुमाराला, दुसऱ्या शाळांमधे जागा रिकाम्या होत्या. पवित्र पोर्टलवर भरतीसाठी वर्षानुवर्षं वाट बघत बसलेली डीएडवाली मुलं आहेत, आणि तिकडे डोंगराकडच्या वाड्यांवर एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो. मग शिक्षक जास्त आहेत का कमी? खरं तर दोन्ही, एका ठिकाणी कागदाच्या हिशोबाने जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्षात कमी. स्टोअर्सच्या भाषेत हा सरप्लस आहे, एक्सेस नाहीच नाही, माल उत्तम आहे आणि दुसऱ्या प्लांटला त्याची गरज आहे. त्यालाच सरकारी भाषेत समायोजन म्हणतात, म्हणजे सरकारलाही माहितीय की ही माणसं लागणारी आहेत. मग बातमी लिहिताना बोजा कुठून आला? तक्त्यापेक्षा एक जागा जास्त एवढंच खरं होतं, तेवढंच लिहायचं होतं.

पाण्याचं तर तुम्ही पुणेकरांना सांगायला पाहिजे असं नाही, पण तरी सांगते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही आपली चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी पाणी धरतात. त्यात एकटं खडकवासला जेमतेम २ टीएमसीचं, वरची भरत आली आणि पाऊस लागून राहिला की खडकवासल्यातून सोडावंच लागतं, भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की अतिरिक्त पाणी सोडण्यात आलं. धरणाच्या मापाने जास्त, हे खरंच आहे. पण ते पाणी मुठेतून, मुळा-मुठेतून पुढे दौंडकडे भीमेला मिळतं आणि उजनीत जातं. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातलं ६३ टीएमसीपेक्षा जास्त मृतसाठ्यात, उपयुक्त म्हणून धरतात ते ५३ टीएमसीच्या आसपास. सोलापूरचा माणूस आपल्या ह्या ‘अतिरिक्त’ पाण्याची वाट बघत असतो. मृतसाठा हा पण असाच शब्द, पाणी डोळ्याला दिसतं, पण हिशोबात धरत नाहीत, आणि दुष्काळात तेच पाणी लोकांना तारतं. आणि उलट बाजूने, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांमधे पाणी शिरलं, त्या लोकांना जे पाणी आलं ते एक्सेस, म्हणजे मर्यादा सोडून आलेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाचं ज्यांनी बघितलंय त्या घरांमधे अजूनही पाणी सोडलं म्हटलं की म्हातारी माणसं उठून बसतात. एकच पाणी, धरणाला सरप्लस, एकतानगरीला एक्सेस, उजनीला गरजेचं. तुमच्या बातमीत तीनही ठिकाणी अतिरिक्तच.

कांदा-दुधाबद्दल फार लिहीत नाही, नाहीतर पत्र संपायचं नाही. दुधाचा पुष्ट काळ असतो आणि कृश काळ असतो, पुष्ट काळात जास्त झालेल्या दुधाची पावडर करून ठेवतात आणि कृश काळात ती वापरतात, हे डेअरीवाला कोणीही सांगेल, म्हणजे ते दूध जास्तीचं फक्त त्या महिन्यापुरतं. कांद्याचं तर असं झालं की ऑगस्ट २०२३ मधे सरकारने बफर स्टॉक ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेला आणि त्याच महिन्यात निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. म्हणजे देशाला कांदा राखून ठेवण्याइतका हवा होता, आणि तरी मंचर-चाकणच्या शेतकऱ्याने भाव पडले म्हणून ओरड केली की त्याला उत्तर मिळतं, उत्पादन जास्त झालं. त्याने किती पिकवावं हे कोणी आधी सांगितलं होतं का? बिन कार्ड शेतकऱ्याला कोणीच देत नाही, आणि मॅक्झिमम ओलांडलं म्हणून जाब मात्र त्यालाच.

इंग्रजीत आणखी पण आहेत. ग्लट म्हणजे बाजाराच्या घशाखाली जाणार नाही इतका माल, मूळ अर्थच गिळण्याशी जोडलेला आहे, तो नारायणगावला टोमॅटोची आवक वाढून भाव कोसळतो तेव्हा बरोबर लागतो. प्लेथोरा हल्ली कॉलेजची मुलं भरपूर या अर्थाने मारून देतात, पण तो मूळचा डॉक्टरी शब्द, अंगात रक्त जास्त झालंय असं ठरवून जळवा लावायचे, रक्त काढायचे, त्या काळातला. रेल्वेत टीसी बिनतिकीटवाल्याला एक्सेस फेअरची पावती फाडतो, तिथे एक्सेस म्हणजे दंडाचीच गोष्ट. उलट सुपरन्यूमररी बघा, इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांना हा शब्द बरोबर माहिती असतो, मंजूर जागांच्या वर दिलेल्या जागा, फी माफीच्या योजनेतल्या अशाच असतात. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी अशाच जागा वाढवल्या, कोणाची जागा न काढता. त्या पण मोजणीच्या वरच्याच ना? पण त्या मुलींना कोणी अतिरिक्त विद्यार्थिनी म्हणालं तर ऐकून घ्याल का?

माझा इंग्रजी शब्दांवर राग नाही, आम्ही दिवसभर तेच बोलतो. मला एवढंच म्हणायचंय की वापरायचा तर नेमका तो वापरा, आणि मराठी वापरायचा तर आपल्याकडे काय कमी आहेत? गणपतीला स्वारगेटवरून कोकणात जादा गाड्या सुटतात, त्या जादा शब्दात किती दिलासा आहे, पाटी वाचली की रांगेतल्या लोकांचे चेहरेच बदलतात. खर्च वाढला तर वरकड, आत्मविश्वास वाढला तर फाजील, धान्याचं माप वरपर्यंत भरलं तर शिगोशीग, पंगत उठल्यावर राहतं ते उरलंसुरलं, प्रसंगासाठी ठेवलेलं ते राखीव. क्रिकेटच्या एक्स्ट्रा रन्सना मराठीत अवांतर धावा म्हणतात, कोणाच्या बॅटच्या खात्यावर पडत नाहीत पण टोटलमधे धरतात आणि त्याच्यावर मॅच जिंकता येते. धरणाच्या सांडव्याला आपण सांडवा म्हणतो, सांडायला जागा ठेवलीच पाहिजे हे त्या शब्दातच आलं.

आणि अधिक महिना! चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, ते दिवस साचत जातात आणि दर अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना वाढवावा लागतो, २०२३ ला अधिक श्रावण आला होता आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ. तो घातला नाही तर दिवाळी हळूहळू पावसाळ्यात येईल, सगळे सण ऋतू सोडून भटकतील. ह्या जास्तीच्या महिन्याला लोकांनी मलमास पण म्हटलं, लग्नकार्य नको म्हणून बाजूला ठेवलं, आणि पुरुषोत्तम मास म्हणून दान-व्रताचा सगळ्यात मोठा महिना पण केलं. आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात. एका महिन्याला दोन्ही नावं दिली, पण तो का वाढवला हे मात्र घरातली आजीसुद्धा सांगू शकते, पंचांगवाल्याने ते लपवलं नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी व्यवहारातल्या आहेत. शिक्षकांच्या समायोजनाची बातमी येईल तेव्हा त्याच चौकटीत जिल्ह्यातल्या रिक्त जागांचा आकडा द्या, तालुक्यानुसार, आणि बोजा हा शब्द माणसांना लावू नका. कंपनीने माणसं काढली तर ‘कंपनीच्या म्हणण्यानुसार’ एवढे दोन शब्द आधी घाला आणि त्याच कंपनीत नवीन भरती चालू आहे का ते विचारून छापा. पाणी सोडलं तर खडकवासल्याच्या विसर्गाबरोबर उजनीचा त्या दिवशीचा उपयुक्त साठा किती तेही द्या, आणि नदीकाठच्या कुठल्या भागात पाणी शिरू शकतं ते पहिल्या ओळीत, कारण एकतानगरीतल्या माणसाला क्युसेकचा आकडा वाचून आपल्या जिन्यात पाणी येणार का हे कळत नाही. शेतमालाचं उत्पादन जास्त झालं असं लिहाल तिथे कशापेक्षा, गेल्या वर्षापेक्षा का मागणीपेक्षा, ते लिहा.

जाऊबाईंचं समायोजन अजून झालेलं नाही, पुढच्या फेरीत होईल म्हणतात. त्या यादीची बातमी तुमच्याकडे येईलच, तेव्हा हे पत्र वार्ताहरांना जरूर दाखवा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
भोसरी, पुणे